बोरजळी येथील विश्वासू बिछायत केंद्र

क्रमांक सत्तेचाळीस

नीलमने फोनवर शोधाचं पान अंगठ्याने वर सरकवलं. पहिलं पान संपलं, दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याच्या मध्यावर वडिलांचं दुकान सापडलं. वर एक मोटार ट्रेनिंग स्कूल, खाली बंद पडलेलं सायबर कॅफे, आणि मधे ‘श्रावण बिछायत केंद्र, दर्यापूर’. तिने फोन वडिलांसमोर धरला.

श्रावण चिंचेच्या कोळाने पितळी गंज, स्वयंपाकाचं मोठं पातेलं, घासत होता. त्याने ओल्या हाताने फोन धरायचं टाळलं, नुसती मान पुढे केली.

“सत्तेचाळिसावा म्हणजे लय खाली काय?”

“लोक तिसऱ्याच्या खाली जातच नाहीत, बाबा.”

“मंग बाकीचे काय करते?”

“तुमी करून राहिले तेच. भांडे घासते.”

श्रावण हसला आणि पुन्हा गंजाकडे वळला. गंज कोणी मागितलेला नव्हता. गोदामात चारशे खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत गेल्या होत्या. मंडपाचे पाइप, कनाती, पंगतीला बसायच्या टाटपट्ट्या, पाण्याच्या कोठ्या, सगळं धुतलेलं, बांधलेलं. अकोट रोडवर नवं लॉन झालं तेव्हापासून लोक तिथेच जात होते. मंडप, जेवण, फोटोवाला, नवरीच्या बसण्याची गोल खुर्ची, सगळं एका ठिकाणी. शोधात ते लॉन पहिलं होतं.

एकतीस वर्षं झाली, अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी श्रावणचं सामान कधी घरी राहिलं नव्हतं. तालुक्यात त्या दिवशी जेवढी लग्नं लागतात तेवढी वर्षात कधी लागत नाहीत. काही वर्षी तर घरातल्या सतरंज्याही कोणी ना कोणी नेल्या होत्या आणि त्याची बायको केशरबाई रात्री उघड्या फरशीवर निजली होती. यंदा अखाजीला सहा आठवडे उरले होते आणि एकाही गावाने विचारलं नव्हतं. अकोल्याचे केशवराव, जुनं सामान घेणारे, येऊन सगळं पाहून गेले होते. पितळ वितळायला जाईल, पाइप भंगारात, असं त्यांनी लपवलं नाही. श्रावणने त्यांना अट स्वतःच घातली. अखाजीले सामान घरी राहिलं, तर त्या दिवशी गाडी पाठवा आणि उचला.

ही अट ऐकल्यावर नीलमने अमरावतीच्या ऑफिसातून घरून काम मागून घेतलं. ती तिथे दुसऱ्यांची दुकानं शोधात वर आणायची. दातांचे दवाखाने, संत्र्याच्या रोपवाटिका, शिकवण्या. सहा आठवड्यांत हे जमतं, असं ती वडिलांना म्हणाली. एरवी ती गिऱ्हाइकाला सहा महिने सांगत असे.


[गाव] येथील

युक्ती जुनी होती. लोक नुसतं ‘बिछायत केंद्र’ शोधत नाहीत, आपल्या गावाचं नाव टाकून शोधतात. म्हणून प्रत्येक गावाचं वेगळं पान करायचं. मजकूर एकच, गावाच्या जागी कंस. यादी जोडली की संगणक कंसात एकेक नाव भरतो आणि तासाभरात तालुक्यातलं प्रत्येक गाव तुमच्याकडे पाहू लागतं.

यादी तिने महसुलाची घेतली, कारण तीच सगळ्यांत मोठी होती. शेवटच्या रकान्यात काही गावांपुढे ‘उ’ असं अक्षर होतं. उत्तर दिशा असेल किंवा उपकेंद्र. तिने रकाना काढून टाकला.

मग प्रत्येक पानासाठी एक समाधानी माणूस हवा होता. तिने तीस नावं लिहिली, पाच मजकूर लिहिले आणि वाटणी संगणकावर सोडली. असं तयार झालेलं एक पान:

बोरजळी येथील विश्वासू बिछायत केंद्र. बोरजळी आणि परिसरातील लग्न, वास्तू, नामकरण, गावजेवण यांसाठी मंडप, खुर्च्या, टाटपट्ट्या, भांडी. बोरजळीतील आमचे ग्राहक सांगतात: ‘सामान वेळेवर आलं, स्वच्छ आलं, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणी पट्ट्या गुंडाळायची घाई केली नाही.’ नत्थुजी, बोरजळी.

खाली तिने नवा नंबर टाकला. तो फोन ती स्वतःजवळ ठेवणार होती, म्हणजे वेबसाइटवरून किती जण येतात ते कळेल.


क्रमांक एकवीस

तीन आठवड्यांत दुकान तिसऱ्या पानाच्या माथ्यावर चढलं. इतकं लवकर काही चढत नाही. कुठल्या पानाने ओढून नेलं ते तिने पाहिलं. येवद्याच्या पानावर नऊ जण आले होते. वडनेरच्या, चौदा. बोरजळीच्या पानावर तीनशे बारा.

आणि ते नुसते येऊन जात नव्हते. इतर पानांवर माणूस वीस सेकंद थांबत होता. बोरजळीच्या पानावर सरासरी अकरा मिनिटं. त्या पानावर अकरा मिनिटं वाचण्यासारखं काहीच नव्हतं. नीलमने मनाशी म्हटलं, गावात एखादं कॉलेज असेल, पोरं असतील.

फोन दुपारी एकला आला. केशरबाई कूलरसमोर निजली होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं.

“दर्यापूरवाले काय?”

म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. सावकाश, आणि मागे पुष्कळ माणसं गप्प बसल्यासारखी शांतता.

“हो, बोला ना.”

“नत्थुजी बोलतो, बोरजळीहून. अखाजीले सामान पायजे होतं. गावजेवण आहे.”

नीलम उठून उभी राहिली. अखाजीचाच दिवस होता. किती माणसं, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, गाव सारं. म्हणजे किती, असं विचारल्यावर त्याने बाजूला कोणाला तरी विचारलं. त्या माणसाने पुढच्याला विचारलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला.

“दोनशे चौदा.”

“येऊ आमी,” नीलम म्हणाली. “सकाळीच येऊ.”

“भांडे नका आणू. मंडप अन् टाटपट्ट्या तेवढ्या आणा. अन् मागच्या वक्ती केलं तसंच करा. शेवटचा माणूस उठेपर्यंत घाई करू नका.” मग म्हणाला, “तुमीबी जेवाले बसा. पंगतीतच.”

श्रावण बाहेर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खाट टाकून पडला होता. नीलमने त्याला हलवून उठवलं. सांगता सांगता तिला आठवलं की नत्थुजी हे नाव तिनेच लिहिलं होतं. पण वऱ्हाडात नत्थुजी काय कमी आहेत?

“कोणतं गाव म्हणलं?” श्रावणने विचारलं.

“बोरजळी.”

तो उठून बसला. चपला शोधल्या, पण पायांत घातल्या नाहीत.

“बोरजळी तं रिठ आहे, माय.”

रिठ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तो शब्द तिने फक्त शेतांच्या नावांत ऐकला होता. श्रावणने सांगितलं. त्याच्या आजोबाच्या वेळेस पटकीची साथ आली, आठवड्यात गाव बसलं. उरलेसुरले निघून गेले. आता एक टेकाड, चार कडुनिंब आणि मारोती, बाकी भोवती लोकांची वावरं. माणूस नाही, घर नाही. पण जमीन त्या नावाने आहे, म्हणून सरकारच्या यादीतून नाव जात नाही.

नीलमने लॅपटॉप उघडला. काढून टाकलेला रकाना मूळ यादीत तसाच होता. बोरजळीपुढे ‘उ’ होता. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, उ म्हणजे उजाड. तालुक्यात अशी बारा गावं होती.

लॉनवाल्याने कोणाला तरी फोन करायला लावला असेल, ती म्हणाली. पान वाचून केला असेल. आपण नाही म्हणून टाकू.

“शब्द देल्ला काय तुनं?”

“मले काय माहीत होतं, बाबा?”

“देल्ला का नाही?”

“देल्ला.”

श्रावणने चपला घातल्या. या धंद्यात चिठ्ठी नसते. फोनवर ‘येतो’ म्हटलं की ती तारीख त्या गावाची. मग आमदाराच्या घरचं लग्न आलं तरी तोंड फिरवायचं नाही, हे त्याने एकतीस वर्षं पाळलं होतं. केशरबाई दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“थट्टा असो का काही असो,” ती म्हणाली. “अखाजीले सामान घराबाहेर तं निंगन.”


क्रमांक नऊ

नीलमने कोणालाही न सांगता बोरजळीचं पान काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिलं. पान नव्हतं, पण माणसं येतच होती. त्यांना कोरा पांढरा पडदा आणि ‘हे पान सापडलं नाही’ एवढं एक वाक्य दिसत होतं. त्या वाक्यासमोर ती सरासरी अकरा मिनिटं थांबत होती.

लोक कोणते शब्द टाइप करून आले, त्याची नोंद असते. ती तिने उघडली.

बोरजळी बिछायत
बोरजळी मंडप
बोरजळी अखाजी
बोरजळीचं पान कुठी गेलं
बोरजळी यादीत आहे काय
बोरजळीले कोणी येते काय
कोणी येते काय
येते काय

शेवटची ओळ त्याच दिवसाची होती. सकाळपासून दोनशे चौदा वेळा.

खिडकीतून श्रावण दिसत होता. तो टाटपट्ट्या एकेक झटकून उन्हात दोरीवर टाकत होता, आणि पुन्हा पहिलीपासून झटकत होता. नीलमने त्याच्याकडे पाहिलं. मग पान होतं तसं परत लावलं. ‘नत्थुजी’ या नावावर तिचं बोट थोडं थांबलं. तिने ते राहू दिलं.


क्रमांक चार

अखाजीच्या दिवशी सात वाजता बंडूचा टेम्पो भरला. बंडू चाळिशीचा, बडबड्या, पण आज त्याने गाणी लावली नाहीत. मंडपाला आणि पट्ट्यांना अर्धा टेम्पो पुरला असता. श्रावणने खुर्च्या, गंज, कोठ्या, सगळं चढवायला लावलं. दोन फेऱ्या झाल्या. घरात काही ठेवायचं नव्हतं.

डांबरी रस्ता सुटल्यावर पांदण लागली. दोन्ही बाजूंना कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचे ढीग, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. मग टेकाड आलं. पायाखाली खापरं मोडत होती. मारोती शेजारच्या गावचे लोक शनिवारी पूजत असावेत, शेंदूर ताजा होता. बाकी काही नव्हतं. चूल नव्हती, आचारी नव्हता, सावलीला गायसुद्धा नव्हती.

बंडूने श्रावणकडे पाहिलं. श्रावण पाइप मोजू लागला होता.

त्यांनी मंडप घातला. नीलमने लहानपणानंतर प्रथमच दोऱ्या ओढल्या. पट्ट्या पसरल्या, सहा रांगा, मधे वाढप्यांना जागा सोडून. अकरा वाजले. बारा वाजले. वारा पूर्ण पडला होता.

“आता तिकडं पाहू नका,” श्रावण म्हणाला. “जेवणाऱ्याच्या ताटाकडं पाहू नाही.”

तिघं टेम्पोच्या सावलीत, मंडपाकडे पाठ करून बसले. नीलमला काही ऐकू आलं नाही. आवाज येत नव्हता हे खरं, पण तो आधीही येत नव्हता आणि आत्ताचं न येणं निराळं होतं. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढताना सगळे क्षणभर थांबतात तसं. बंडू मान खाली घालून बोटांनी मातीत रेघा ओढत होता. एकदा तो उठायला लागला तेव्हा श्रावणने नुसता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. शेवटचा माणूस उठेपर्यंत घाई करायची नव्हती, आणि शेवटचा कधी उठला हे ओळखायचं कसं, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

चार वाजता श्रावण उठला. म्हणाला, झालं.

पट्ट्यांवर काळ्या मातीची धूळ बसली होती. पण सलग नव्हती. हातभर धूळ, मग एका माणसाच्या बसण्याएवढी स्वच्छ जागा, मग पुन्हा धूळ. असं सहाही रांगांत, टोकापर्यंत. नीलम मोजत गेली आणि शंभराच्या पुढे तिने मोजणं सोडलं.

शेवटच्या रांगेत एके ठिकाणी मात्र धूळ जशीच्या तशी होती. दोन्हीकडच्या जागा बसून उठलेल्या, मधली तेवढी सोडलेली. श्रावण तिथे जाऊन उभा राहिला.

“माझा आजा या गावात मेलेलं ढोर उचलाले यायचा,” तो म्हणाला. “त्याले वाढत होते तं गावकुसाच्या बाहेर.”

त्याने चपला काढल्या आणि त्या जागी मांडी घातली. समोर काही नव्हतं. तो खाली पाहत बसला. नीलमने तोंड फिरवलं.

मारोतीजवळ दोन पोती उभी होती. सकाळी नव्हती. बंडूने तोंड सोडून आत हात घातला. ज्वारी होती, मोत्यासारखी, टपोरी. या भागात आता कोणी ज्वारी पेरत नाही, सगळं सोयाबीन आणि कपाशी.

घरी आल्यावर केशरबाईने सांगितलं, अकोल्याची गाडी दुपारी आली होती. केशवराव स्वतः आले होते. गोदामात शिरले, चारी भिंती पाहिल्या, पाणीही न पिता परत गेले.


क्रमांक एक

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान पहिलं होतं. लॉन खाली दुसऱ्यावर होतं. नीलमने फोन बंद करून पुन्हा चालू केला, केशरबाईच्या फोनवर पाहिलं, बंडूला फोन करून त्याला पाहायला लावलं. पहिलंच.

आठ वाजल्यापासून फोन वाजू लागला. सगळे सावकाश बोलणारे होते. कोणी भावावर अडून बसलं नाही, कोणी डीजे विचारला नाही. बाईचा एक आवाज होता, तिने तारीख सांगितली आणि विचारलं, नक्की याल नं? नीलम ‘येऊ’ म्हणत गेली. श्रावण कॅलेंडरवर एकेक तारखेला पेनाने गोल करत गेला. दुपारपर्यंत पुरा वैशाख भरला. त्याने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. पुष्कळ दिवसांनी तो गोदामात शीळ घालत फिरत होता.

केशरबाईने त्या ज्वारीच्या भाकरी केल्या. पहिला घास खाऊन ती थांबली, मग म्हणाली, अशी गोडी तिने लहानपणी तिच्या मायच्या हातची चाखली होती. तिने नीलमला दुसरी भाकर वाढली. नीलमने ती खाल्ली. ती खरंच गोड होती.

जेवण झाल्यावर तिने कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलं आणि यादीशेजारी ठेवलं. अकरा तारखा, अकरा गावं. एकेक गाव शोधून ती शेवटच्या रकान्यापर्यंत बोट नेत होती. अकराव्या गावानंतर तिने बोट उचललं. येवद्याचा फोन आला नव्हता. वडनेरचा नव्हता. माणसं राहतात अशा एकाही गावाचा नव्हता.

श्रावण कनातीची घडी घालत होता. एक टोक त्याने तिच्या हातात दिलं. दोघांनी ती ताणली, जवळ आणली, पुन्हा ताणली.

“बाबा, हे सारे उजाड गावं आहेत. अकराच्या अकरा.”

श्रावणने घडीवरून हात फिरवून सुरकुती काढली. तो चकित झाला नाही.

“जित्या गावाइले लॉन आहे, माय,” तो म्हणाला. “याइले कोण आहे?”

घरातला फोन वाजला. केशवराव होते. काल काय झालं ते झालं, पण लग्नसराई सरली की सामान पडूनच राहणार ना, अजून विचार करा, असं ते म्हणत असावेत. श्रावणने पूर्ण ऐकून घेतलं.

“सामान खाली नाही, केशवराव,” तो म्हणाला. “पुढंबी नाही.”

फोन ठेवून तो नीलमच्या मागे येऊन उभा राहिला. मूर्तिजापूर तालुक्याची यादी मिळते काय, असं त्याने विचारलं. अन् अकोल्याची.

नीलमने दोन्ही उघडल्या. या वेळी तिने शेवटचा रकाना ठेवला. ज्या गावांपुढे ‘उ’ नव्हता ती सगळी एकदम निवडली आणि पुसून टाकली. पडदा हलला, यादी आखडली.

वाटली होती तेवढी लहान नव्हती.